पाचपैकी किती

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या खोलीत
मी प्रश्नावली उघडली.
बत्तीस प्रश्न, एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड.
'पुरवठा खंडित होण्याची शक्यता आपणांस किती वाटते?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फारच.'
डिस्पॅचचे भुजंगमामा पाऊसकर कागदाकडे बघत राहिले.
काळ्या वाळूनं भरलेलं नख
'पाच'खालून दोनदा फिरवलं
आणि म्हणाले, "आजचं की कालचं?"

उत्तरदात्याला काही सुचवायचं नसतं.
मी गप्प बसले.
बाहेर साच्यांत लोखंड ओतत होते,
खिडकीच्या काचेवर तांबडं येऊन गेलं.

मी वाचून आले होते.
ग्रंथालयात मिळालं ते सगळं,
आणि मिळालं नाही त्याचा नुसता सारांश,
कारण पूर्ण लेखाला डॉलर पडतात,
एका लेखात माझी पंधरा दिवसांची मेस.
पुण्याच्या मैत्रिणीनं गुपचूप अकरा पाठवले.
त्यांत भूकंप होते, बंदरांतले संप होते,
एका कारखान्याची आग होती
जिच्यामुळे दुसऱ्या खंडात मोटारी थांबल्या.
कोगनोळी नव्हतं.
चोर्ल्याची दरड नव्हती.
डिसेंबरात, अधिवेशनाच्या तोंडावर
गाडीच्या काचेवर कुठली अक्षरं असावीत
हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नव्हता.

मामांनी कपाटातून वह्या काढल्या.
एकोणीस वर्षांच्या, पेन्सिलीच्या.

ता. ६. कोगनोळीत दगड. एमएच गाड्या थांबल्या. आपली केए, पुढं गेली, कागलात थांबली.
ता. ७. उलटं.
ता. १९. संकेश्वरात मिरचीच्या गाड्या आडव्या. तीन तास. कास्टिंग गार, गिऱ्हाईक गरम.
ता. २. चोर्ला बंद. कोक आंबोलीनं. भाडं दीडपट, मालकांना उद्या सांगणे.

धोका म्हणजे शक्यता गुणिले परिणाम,
असं मी पहिल्या प्रकरणात लिहून बसले होते.
इथं गुणाकार नव्हता,
नुसत्या तारखा होत्या.

प्रश्न तेवीस. माहितीचा स्रोत?
मामांनी फोन पुढं धरला. नाव होतं: शांतव्वा चहा.
नाक्याच्या अलीकडं टपरी.
रोज सकाळी सहाला हे विचारतात, "शांतव्वा, हेंगैती?"
'पोलीस चहा पिऊलाल्यात' म्हणाली, की गाडी सोडायची.
'चहा नको म्हणाले' म्हणाली, की दस्तगीरनं किल्ली काढून खिशात टाकायची.
प्रबंधात मी लिहिलं, अनौपचारिक पूर्वसूचना यंत्रणा.
सरांनी तांबड्या शाईनं विचारलं, संदर्भ? वर्ष?

प्रश्न चोवीस. पर्यायी स्रोत आहे का?
"सून हाय की तिची," मामा म्हणाले,
"पण तिला पोलिसांचं तोंड वाचता येत न्हाई अजून."

अकरा डिसेंबरला मी सहाच्या आत पोचले.
ट्रकात शिरोलीचे व्हॉल्व्ह, वर ताडपत्री, इंजिन चालू.
मामांनी फोन लावला. नुसती रिंग.
परत लावला.
दस्तगीरनं खाली उतरून टायरांना लाथा मारून बघितल्या,
ज्यांत हवा होती हे त्याला ठाऊकच होतं.
सव्वासात. इंजिन बंद.
मला एक व्याख्या आठवली, अकरांपैकी चौथ्या लेखातली,
एकच कडी, जिच्यावर सगळं.
ती मोठ्यानं म्हणायचा धीर झाला नाही.

पावणेआठला तिचाच फोन.
गॅस संपलेला. चूल थंड, चहा नाही,
चहा नाही म्हणून पोलीस नाहीत,
पोलीस नाहीत म्हणून सांगायचं काय?
सिलिंडरची गाडी नाक्यापलीकडं अडवलेली.
मामा खूप वेळ हसले, आवाज न करता,
मग पेन्सिलीला टोक काढून लिहिलं:
ता. ११. गॅस.

परवा प्रबंध बांधायला टाकते.
संदर्भसूचीत शांतव्वा अजून नाही.
सूची आडनावानं लावतात,
आणि तिचं आडनाव
एकोणीस वर्षांत मामांनीही विचारलेलं नाही.