खालचा खण

डुलुथमध्ये उणे बावीस.
नळ रात्रभर ठिबकत होता,
कुणीतरी अंधारात सुटे पैसे मोजत बसावं तसा.
सकाळी त्याच्या पोटातली काळी चकती काढली,
प्लास्टिकच्या पिशवीत घातली
कोर्टात पुरावा नेतात तशी,
आणि निघाले.

दुकान एवढं मोठं
की छपराच्या सळयांत चिमण्या राहतात.
त्यांना हिवाळा ठाऊक नाही.

दारातल्या पोरानं विचारलं, 'मदत हवी?'
मी 'हो' म्हणेपर्यंत
तो मागच्या बाईला तेच विचारत होता.
रंगाच्या काउंटरवरच्या मुलीनं
चकती उजेडात धरली, अगदी आपुलकीनं,
'वेबसाइटवर बघा ना,' म्हणाली.
दिव्यांच्या गल्लीत चारशे दिवे लागलेले
आणि माणूस एकही नाही.

सतरा नंबरला एक बटण होतं.
दाबलं. वरून एक बाई बोलली,
'ग्राहक थांबले आहेत, गल्ली सतरा.'
मी एकटीच होते,
पण 'आहेत' ऐकून बरं वाटलं.
तीनदा बोलली ती.

मग एल्डन आला.
एप्रनवर नाव मार्करनं लिहिलेलं, पुसट;
एक गुडघा आखडलेला,
शेल्फला हात लावत लावत चालणारा,
वीज गेल्यावर आपण घरात चालतो तसा.
चकती नखानं दाबून पाहिली.
'नळ कधीचा?'
'नवरा गेला त्याच्या आदल्या वर्षीचा.'
'अरेरे. वारले?'
'नाही हो. मिलवॉकीला.'
तो हसला नाही. मला ते आवडलं.

'नवा घेऊ नका,' आवाज खाली आणत म्हणाला,
'नव्यांच्या आत सगळं प्लास्टिक.'
मग शेल्फ धरून खाली बसू लागला
सगळ्यात खालच्या खणापर्यंत.
वेळ लागला.
मी तेवढा वेळ पाइपांच्या किमती वाचल्या.

एकोणऐंशी सेंट.
पाणी कुठून बंद करायचं
ते त्यानं रंगाच्या नमुन्यामागे पेन्सिलीनं काढून दिलं.
'उलटं फिरवलंत तर आंघोळ.'

पैसे यंत्रानं घेतले.
'वस्तू पिशवीत ठेवा,' ते सारखं बजावत राहिलं.
ठेवली होती. त्याला तिचं वजनच कळेना.

संध्याकाळी फोनवर प्रश्न आले.
आमच्या सहकाऱ्यानं आणखी काही घ्यायला सुचवलं का?
'नाही' हे खरं.
पण खऱ्यानं त्याचाच गुण कापला जाणार,
एवढं मला कळतं; पस्तीस वर्षं शाळेत काढलीत.

हो, लिहिलं मी.
दोन नळ सुचवले, एक सिंक,
अख्खं न्हाणीघर सुचवलं बिचाऱ्यानं.
मीच चिकट.
पाचपैकी पाच.

खाली एक रिकामा चौकोन होता,
'आणखी काही सांगायचंय?'

सतरा नंबरला एक स्टूल ठेवा.
खालचा खण फार खाली आहे.