चौदा नंबरचा माग

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
चौदा नंबरच्या मागावर जुनी ट्यूब होती.
चोक गुणगुणायचा, स्टार्टर तडतडायचा,
आणि त्या थरथरत्या उजेडात
फिरतं चाक कधीकधी
उभं असल्यासारखं दिसायचं.

नरसय्याने त्या दिसण्यावर विश्वास ठेवला.
दोन बोटं.

परवा गाजूलशेठने एलईडी बसवल्या,
वीजबिलाच्या धाकाने, आमच्यासाठी नव्हे.
अठरा वॅट. गुणगुण नाही.
सोलापुरी मे महिन्यात
डोक्यावरची एक चूल कमी झाली.

आता धागा तुटल्या तुटल्या दिसतो.
चादरीतला मोरपंखी
हिरव्यापासून वेगळा कळतो.
आणि हवेत तरंगणारं कापसाचं तूस,
जे इतकी वर्षं
आम्ही न बघता गिळलं,
तेही दिसतं. लख्ख.

नरसय्या हल्ली दाराशी बसून कांड्या भरतो.
काल रात्रपाळीला आत आला,
आधी दिव्याकडे, मग चाकाकडे
बराच वेळ बघत राहिला.

"फिरतंय की ओ," म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही,
आणि हात पाठीमागे घेऊन
पुन्हा दाराशी गेला,
जिथे अजून
पिवळा बल्ब आहे.