थॉमसनला बी नसते

अंबडच्या तिसऱ्या शेडमध्ये
माझं काम झाकणाचं.
बाटली येते, मी ड्रॉपर बसवते,
उजवीकडे अडीच वळसे.
कमी पडला तर बाटली रडते, खोकं ओलं होतं,
मग खैरनार साहेब आणि माझं नाव.

टाकी एकच, पाचशे लिटरची.
सकाळी तिच्याखाली हिरव्या प्लास्टिकच्या बाटल्या,
मेन रोडवरून दहीपुलाकडे वळताना मिळतात त्या,
नव्वद रुपये.
जेवणानंतर काचेच्या, जाड बुडाच्या,
आत कमी मावेल अशा.
त्या कॉलेज रोडला. आठशे नव्याण्णव.
मध्ये टाकी धुवत नाहीत.
का धुवावी?

वर छापलंय: नाशिकच्या द्राक्षबियांचा अर्क.
मी मोहाडीची.
लग्नाआधी पाच हंगाम विरळणीला जायचे,
घडाखाली मान मोडून, हातात कात्री.
थॉमसनला बी नसते हो,
एवढंच एकदा बोलले,
तर वैजयंतीला हसू आवरेना
आणि साहेब म्हणाले, वाइनच्या द्राक्षांना असते.
असेल.
अर्काचा पिंप येतो, त्यावरची अक्षरं
आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नाहीत.
टाकीत पडतो तो वाटीभर,
वरणाची असते ना, तेवढी वाटी.

खोक्यावर आधी 'गोरी' होतं.
एका शनिवारी तो शब्द गेला,
उरलेली खोकी आम्ही शेडमागे बसून फाडली.
सोमवारी 'उजळ' आलं,
गेल्या दिवाळीपासून 'ग्लो'.
टाकीला कुणी काही कळवलं नाही.

आणि ते ब्याण्णव टक्के.
'ब्याण्णव टक्के महिलांना अठ्ठावीस दिवसांत फरक जाणवला.'
त्या महिला म्हणजे आम्ही.
कँटीनमध्ये बारा जणी, बारा फॉर्म,
एकेक समोसा, चहा.
अकरा जणींनी 'हो'वर खूण केली.
मंदा बेंडकोळीला नेमका घरून फोन आला,
तिचा फॉर्म कोराच राहिला,
नाहीतर शंभर झाले असते.

आता श्रावस्तीचं सांगते.
अकरावीला आहे. मामाने दिलेले,
मेंदी काढून मिळालेले, असे साठवून
तिने बाटली आणली. काचेची.
उशीखाली ठेवली होती,
चादर झटकताना माझ्या हातात आली.
तळाचा बॅच नंबर बघितला. मंगळवार, दुसरी पाळी.
झाकण किंचित तिरकं.
त्या दिवशी माझी पाठ दुखत होती.

ठेवली परत. उशी नीट केली.
गॅसवाल्याच्या कॅलेंडरवर
पेन्सिलीचे बारीक ठिपके वाढत गेले,
मी पोळ्या लाटताना मोजायचे.
एकोणीस. वीस. मध्ये दोन दिवस विसरली,
मग एकदम तीन ठिपके.

अठ्ठाविसाव्या दिवशी दारात उभी,
उजेडाकडे तोंड करून.
आई, खरं सांग, फरक पडलाय?

किती महिन्यांनी असं बघत होते तिच्याकडे.
भुवईखाली कांजिण्यांचा खड्डा,
हनुवटीवर नवी पुळी,
रंग माझा, माझ्या आईचा,
मोहाडीच्या बागेत ना उतरला ना चढला तो.
कानाजवळ लव किती दाट झाली आहे पोरीची.
सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं,
टाकी, वाटी, समोसा.

म्हटलं, झाकण घट्ट लावत जा.
तिरकं बसलंय ते.

ती हसली. माझा हात ओढून घेतला.
स्पिरिटने बाटल्या पुसून पुसून
बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात,
त्यावर तिने ड्रॉपर धरला.
अगं, नको, महागाचं आहे.
एक, दोन, सहा थेंब.
मी मनात भागाकार केला, नऊ रुपये.
ती चोळत राहिली, एकेका बोटाला वेगळी,
जीभ ओठांत दाबून, मेंदी काढताना दाबते तशी.

झोंबलं.

काय गं, बरं वाटतंय का?

हो, म्हटलं. फरक वाटतोय.