दगडांचं पीक

बर्फ वितळलं की आमच्या सारेमा बेटावर
सगळ्यांच्या आधी उगवतात ते दगड.
कुणी पेरत नाही, कुणी खत घालत नाही.
हिवाळाभर जमीन आतल्या आत कण्हते, फुगते,
आणि एप्रिल सरता सरता बटाट्याच्या वाफ्यात
टकलं वर काढून बसलेले असतात,
जणू मागच्या साली मी वेचलेच नव्हते.

वांबोला खिडकीतून ओरडतो,
"हेल्वे, आधी कुंपण बघ! कुंपण!"
फेब्रुवारीत विहिरीच्या वाटेवर त्याचा पाय घसरला,
खुब्याचं हाड मोडलं,
तेव्हापासून तो खुर्चीत आणि खुर्ची खिडकीत.
एक्केचाळीस वर्षांच्या संसारात
या माणसानं मला एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

कुंपण बघते.
जुनिपरचे खांब धड आहेत, पाइनचे तीन कुजलेत.
पाइन नको म्हणाले होते मी. असो.
बकरीला हे माझ्याआधी कळलंय.
ट्यूलिपच्या बारा कळ्यांपैकी अकरा तिनं
कांद्याच्या पातीसारख्या कुरकुरून खाल्ल्या,
एक ठेवली,
लाजेकाजेस्तव.

बर्चचा रस काढून झाला,
खोडाच्या भोकात खुंटी ठोकली.
गोठ्यातलं हिवाळ्याचं शेण वाफाळत बाहेर आलं,
त्याच्या वासानं शेजारच्या मारेटचा कुत्रासुद्धा
आमच्या फाटकाशी येऊन सुखानं लोळून गेला.
मी खणायला लागले की कोंबड्या फावड्याला खेटून उभ्या.
गांडुळांची पंगत. वाढपी मी.
एकीची बोटं छाटता छाटता वाचली,
तर तीच उलट माझ्यावर खेकसली.

फावडं वांबोलाचं आहे. तो डावखुरा.
दांड्याला त्याच्या अंगठ्यानं पाडलेला गुळगुळीत खळगा
माझ्या हाताला उलटा येतो.
रोज थोडा वेळ मी डाव्या हातानं खणून बघते.
जमत नाही.
पण बरं वाटतं.

स्वयंपाकघरात टोमॅटोची रोपं दुधाच्या खोक्यांत
आणि चुलीपाशी एक कोकरू, आईनं झिडकारलेलं.
त्याला बाटली धरायचं काम वांबोलाकडे.
माझ्याशी तो फक्त कुंपणाबद्दल बोलतो,
कोकराशी मात्र कुजबुजतो.
परवा दाराआडून ऐकलं:
"तुझे पाय चार, तरी तू पडतोस,
मग माझं काय घेऊन बसलास?"

आज सकाळपासून आवाज नाही.
आधी हायसं वाटलं. दोन ओळी झाल्या खणून.
मग मान वर केली तर खिडकीत
नुसती खुर्ची.

फावडं कुठे टाकलं आठवत नाही.
चिखलात एक बूट रुतला, तो तिथेच.
धावताना एवढंच मनात आलं
की बटाटे अर्धेच लावून झालेत,
आणि असं मनात यावं याची लाज वाटली.

तो दारात उभा होता.
चालण्याच्या चौकटीला दोन्ही हात घट्ट,
एका पायात बूट, दुसऱ्यात सपाता,
मागे कोकरू, त्याच्या विजारीचं टोक चघळत.
"ओरडायचं काय झालं?" मी ओरडले.
"चालताना दम पुरत नाही दोन्हीला," म्हणाला.
मग हात पुढे केला, डावा.
"दगड दे एक."

ढिगातला सगळ्यात लहान दिला,
बटाट्याएवढा.
त्यानं तो फिरवून पाहिला, अंगठ्यानं माती पुसली,
आणि भिंतीवर, जिथे आमचे सगळे दगड जातात तिथे,
वाकून, थरथरत, नीट बसवला.
"हा मागच्या सालचाच आहे," म्हणाला.
मी म्हटलं, "असेल."

आम्ही दोघं एकेक बूट घालून उन्हात उभे राहिलो,
किती वेळ कोण जाणे.
तेवढ्यात बकरीनं
बारावी कळी खाल्ली.