मुटुबाची साल

बोडाबोडावरून उतरताना
पोटरी टेकली सायलेन्सरला. एवढंच.
नलवेयिसोनं हूं की चूं केलं नाही;
डोक्यावर केळ्यांचा घड होता, तो आधी सावरायचा होता.
संध्याकाळी झग्याची कड उचलली तर
तळहाताएवढं सालटं कापडाबरोबर वर आलं.

मसाकाच्या बाजारात अशा पोटऱ्या खंडीभर.
डाग बघून सांगता येतं
कोण कुठल्या बाजूनं उतरतं.

आम्ही तेव्हा चौथ्या खेपेला होतो.
पहिल्या खेपेचे धागे खाटकाकडच्या ओल्या कातड्यात अडकायचे,
चिमट्यानं वेचायचे, तांदळातले खडे वेचावेत तसे.
दुसरी ओल प्यायची, मग पापडासारखी कडक व्हायची.
तिसरीला बुरशी आली. सुट्टीत वीज गेली होती.
तिच्याबद्दल अहवालात दोन ओळी आहेत,
मुबिरूच्या शिव्या नाहीत.
चौथी उकळली, चोपली, पुन्हा उकळली,
तिला कोरफडीचा गर पाजला,
आणि माणसांवर लावायची परवानगी आली: बारा जणांवर.
नलवेयिसो सातवी.

पट्टी तिच्यापुढे धरली,
विटकरी, मऊ, सुरकुतलेली.
तिनं पाय मागे घेतला.
"हे माझ्या बापाला गुंडाळलं होतं," ती म्हणाली.
"तीन थर.
मातीत जायचं कापड आहे हे.
मला अजून बाजारात जायचंय."

माझ्याकडे आकडे होते:
ओल किती धरते, हवा किती सोडते,
किती तासांत किती जंतू मरतात.
चांगले होते आकडे.
मी फाईल मिटली.

शनिवारी तिला कतेरेग्गाच्या बागेत नेलं.
तो शिडीवर, केळीच्या देठाची पाचर करून
मुटुबाच्या सालीखाली सरकवत होता,
पत्र फाटू नये म्हणून पाकीट उघडावं
तितक्या सावकाश.
साल अखंड उतरली.
मागे झाड उघडं: पिवळट, ओलं, चिकट.
मी नलवेयिसोच्या पायाकडे बघायचं टाळलं.
तिनं नाही टाळलं.

मग म्हाताऱ्यानं केळीच्या पानांचा भारा ओढला,
दहिवर निथळत होतं पानांवरून,
आणि खोड वरपासून खालपर्यंत गुंडाळलं,
सोपटानं बांधलं, गाठ आतल्या बाजूला घेतली.
"पाच-सहा दिवस," तो म्हणाला,
"वारा लागू द्यायचा नाही त्याला."

ती शेजारच्या झाडापाशी गेली.
"हे कधी सोललं?"
"गेल्या साली."
"त्याआधी?"
"त्याच्या आदल्या साली. त्याआधी माझ्या बापानं.
बावीस वेळा सोललंय हे.
पहिली साल जाडीभरडी निघते, बाई.
जखमेवर आलेली, तीच कापडाला चांगली."

(तो त्याच्या भाषेत बोलत होता.
वर्षाला आणि झाडाच्या कातडीला
एकच शब्द माझ्या भाषेत आहे;
मी वहीत तसंच उतरवलं.
तिथं कुणाला सांगितलं नाही.)

नलवेयिसोनं खोडावर हात ठेवला,
बराच वेळ,
ताप बघावा तसा.
परतताना गाडीतच पाय लांब केला.
"बांध. पण झग्याखाली झाकून राहील अशी."

अकराव्या दिवशी पट्टी सोडली.
एकही धागा मागे राहिला नाही.
खाली कडेकडेनं आत सरकलेली नवी कातडी,
गुलाबी, दुधावर नुकती धरलेली साय;
मधे अजून बोटभर ओली जागा.
मुबिरू मोजपट्टी विसरला. मी त्याला हाक मारली नाही.

उतरलेली पट्टी पिवळ्या पिशवीत जाते, जाळायला.
नियम मी तिला समजावून सांगितला.
तिनं शांतपणे ऐकून घेतला,
पट्टीची घडी घातली, ओच्यात ठेवली.
"बापाला दाखवून येते," म्हणाली,
आणि उतारावरून केळीच्या बागांकडे गेली,
लंगडत, पण घाईनं.

अहवालात, नमुना क्रमांक सात,
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं:
पट्टी गहाळ.