सत्तेचाळीस

टेमा बंदराच्या शीतगृहात नोकरी लागली तेव्हा
मी एकवीस वर्षांचा होतो
आणि सगळ्या जगाला सांगून मोकळा झालो होतो.
पहिल्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटो,
हनुवटीखाली ओळखपत्र धरून एक,
आईचा वाढदिवस, तिचं माहेरचं आडनाव,
शाळेच्या फाटकापाशी निळ्या गणवेशातला जुना.
आनंदालाही झाकण असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

जूनमधल्या एका मंगळवारी फोन वाजला.
गोठलेल्या मासळीच्या खोक्यांवर मी खोकी चढवत होतो,
हातमोजा दातांनी ओढून काढला.
"सेलोर्म, कंपनीतून बोलतोय."
आवाज इतका मऊ,
की चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्याचा वाटावा.
त्याला आईचं माहेर ठाऊक. शाळा ठाऊक.
"चुकून कुणाचे तरी पैसे तुझ्याकडे आलेत,
परत करायला फक्त चार आकडे हवेत."
एवढं जो जाणतो, त्याच्यापासून चार आकडे काय लपवायचे?
बोटांवर फुंकर घालत सांगितले.

सहाशे चाळीस सेडी.
बर्फ वितळताना थोडा तरी आवाज होतो.

आठवडाभर मी त्याला चोर म्हणत राहिलो.
चोर तो आहेच.
पण एका रात्री माझंच पान अंगठ्यानं मागे मागे सरकवत गेलो
आणि दिसलं, दिवा मी लावून ठेवला होता,
पेटी कुठल्या कोपऱ्यात तेही
हसत, बोट करून.

बाजाराच्या तोंडाशी चारच्या सुमाराला मॅडम कफुई येते,
कमरेला कापडी पिशवी, कानावर पेन्सिल.
सुसू गोळा करते. कार्डावर एकतीस घरं,
रोज ठरलेली रक्कम, रोज एक फुली,
महिनाअखेर सगळे परत, एका दिवसाचे तिचे.
मी सुरू झालो: माझं नाव सेलोर्म आग्बेको, राहतो...
तिनं हात वर केला. "विचारलं मी?"
कार्डावर लिहिलं, ४७.
"किती देणार?"
"वीस," छाती काढून म्हणालो.
"पाच," तिनं लिहिलं.
"वीसवाले बाराव्या दिवशी दिसत नाहीत."

पहिल्या महिन्यात चार घरं कोरी राहिली.
एक बुटांच्या लेसपायी, दोन मित्राच्या लग्नातल्या शर्टापायी,
एक कशापायी, आठवत नाही. तेच टोचतं.
ती बोलली काहीच नाही.
कोऱ्या घरांवरून पेन्सिलीचं टोक
जरा सावकाश नेलं, इतकंच.

नवे चार आकडे मी कुठेच लिहिलेले नाहीत.
ते कुणाच्या जन्माचे नाहीत, मरणाचे नाहीत,
लाडक्या कुणाचेही नाहीत.
यायरा विचारते. "माझ्यावर विश्वास नाही?"
आहे ना. खोलीची किल्ली तिच्याकडे,
तापात डोकं तिच्या मांडीवर.
पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
माझ्या मुठीत सध्या एकशे पस्तीस आहेत,
तरी ती झोपेतही उघडत नाही.

परवा पुन्हा फोन. नवा आवाज, तसाच मऊ.
"सेलोर्म?"
"राँग नंबर," मी म्हणालो, "मी सत्तेचाळीस."

चार वाजत आले होते.
मोजा दातांत धरून मी खिशात
पाचची नोट चाचपली.
थंडीनं ती कडक झाली होती,
जराशी मोठीही वाटली.