दोघंही चांगले

पंचवटी कारंज्यावर मिसळ खात आम्ही सहा जण,
वाद एकच: तिकीट कुणाला.
कोठुळेंकडे गाड्या आहेत, सुदाम म्हणाला,
बूथवर माणसं बसवायची तर पैसा लागतो.
आणि तर्री पुन्हा मागवली.

मी म्हटलं, गांगुर्डेबाई.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं त्या रात्री
काठावरची बिऱ्हाडं हलवली त्यांनी, हाताला धरधरून.
कोठुळे पुलावरून मोबाईलवर पूर दाखवत होते.

"पुराला मत नसतं," सुदाम म्हणाला.
हसलो सगळे. मीही.
मग बाईंची जात निघाली, सासर निघालं,
मागच्या खेपेची एकशे बारा मतं निघाली.
मी टेबलावर हात आपटला,
रस्सा शर्टावर.

दुसऱ्या दिवशी पक्ष कार्यालयात
निरीक्षकांनी एकेकाला आत घेतलं.
दार लावलेलं. समोर कोरी वही.
"तुमचं मत?"
शर्ट तोच होता, डाग पुरता गेला नव्हता.
"दोघंही चांगले, साहेब.
पक्ष ठरवेल ते."

बाहेर बाकावर बाई,
मांडीवर अर्जाची फाईल.
"बोललास ना रे?"
"बोललो," म्हटलं,
आणि चपला शोधत राहिलो
पायातल्या.